मागे लागलेली जाहिरात

"पासवर्ड विसरलेली माणसं आपण दवाखान्यात पाठवतोय, बाई," साहेब म्हणाले आणि खुर्ची ओढून बाईंच्या शेजारीच ठाण मांडून बसले.

बाईंनी चष्मा सारखा करून पडद्याकडे पाहिलं. इंटरनेटवर जाहिराती लावून देणारं ते चार खुर्च्यांचं ऑफिस, आणि त्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे स्मृतिभ्रंशावर उपचार करणारा एक दवाखाना. 'विसरायला होतं' असं कोणी शोधलं की दवाखान्याची जाहिरात सगळ्यात वर दिसायची. नुसती दिसली तर फुकट. कोणी तिच्यावर क्लिक केलं की दवाखान्याच्या खात्यातून पैसे कापले जायचे. आणि आठवडाभर क्लिक करत होते ते पासवर्ड विसरलेले, मोबाइलचा पिन विसरलेले आणि बायकोचा वाढदिवस विसरून आता तोंड कसं दाखवावं याचा सल्ला शोधणारे. खऱ्या रुग्णांच्या घरचं कोणी शोधायला बसेपर्यंत त्या दिवसाचे पैसे संपून जाहिरात गुल झालेली असायची.

असले नको ते शब्द आधीच अडवून ठेवायचे असतात. ऑफिसात त्याला गाळणी म्हणत, आणि गाळणी लावण्यात बाईंचा हात धरणारं कोणी नव्हतं. तरुणपणी त्या वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातींच्या खिडकीवर बसत. तिथं शब्दाला पैसे पडायचे, त्यामुळे कुठला शब्द कामाचा आणि कुठला नुसता खोगीरभरतीचा हे त्या समोरचा बोलत असतानाच ओळखत. पुढं खिडकीच बंद पडली. मग चाळिशी उलटल्यावर त्या हे नवं काम शिकल्या. शिकताना रडकुंडीला आल्या, पण शिकल्या.

"मी अडवले होते," बाई म्हणाल्या. "पासवर्ड, पिन, किल्ली, वाढदिवस. मला लख्ख आठवतंय."

साहेबांनी दवाखान्याची गाळणी उघडून दाखवली. आत एकही शब्द नव्हता.

साहेब वयानं बाईंच्या भाच्याएवढे. प्रत्येक काम त्यांना 'आत्ताच्या आत्ता' हवं असायचं, म्हणून त्यांच्या माघारी त्यांचं नावच आत्ताच्याआत्ता पडलं होतं. पण माणूस मनाचा वाईट नव्हता. मशीनचाच काहीतरी घोळ असेल म्हणून त्यांनी विषय मिटवला आणि मुद्द्यावर आले. शब्दांवरच्या जाहिराती आता पुरे. आता मागे लागणारी जाहिरात लावू. म्हणजे ज्यानं दवाखान्याचं पान एकदा वाचलं, तो नंतर बातम्या वाचो, गाणी ऐको की पावसाचा अंदाज बघो, तिथं तिथं त्याला दवाखान्याची जाहिरात दिसत राहणार.

बाईंना हा प्रकार कधीच आवडला नव्हता. चपलांच्या दुकानासाठी तो ठीक होता. चपला बघून न घेता गेलेल्याला चारदा आठवण केली तर कोणाचं काय जातं? पण आजाराची गोष्ट वेगळी. जो शोधत येतो त्याला उत्तर द्यावं, जो घाबरलाय त्याच्या मागे लागू नये, असं बाईंचं म्हणणं. साहेबांचं म्हणणं, घाबरलेलाच तर शेवटी दवाखान्यात येतो. क्लिक कमी पडतील, पण पडेल तो खरा पडेल. एरवी बाई तावातावानं भांडल्या असत्या. त्या दिवशी रिकाम्या गाळणीनं त्यांचं तोंड बंद केलं होतं.

निदान एक अट त्यांनी घातलीच. जाहिरात सरसकट सगळ्यांच्या मागे लावायची नाही. दवाखान्याच्या साइटवर 'पहिली लक्षणं' नावाचं एक लांबलचक पान होतं. जो ते शेवटपर्यंत वाचेल त्यालाच ती दिसेल. ते पान शेवटपर्यंत कोणी गंमत म्हणून वाचत नाही. मजकूर बाईंनीच लिहिला: 'हल्ली विसरायला होतंय? घाबरू नका. एकदा दाखवून घ्या.' निळा रंग फार दवाखानी वाटतो म्हणून पट्टीला त्यांनी हळदी रंग दिला आणि जाहिरात सोडून दिली.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी दोरीवरचे कपडे आत घ्यावेत की राहू द्यावेत हे ठरत नव्हतं. बाईंचा मोबाइल चार्जिंगला होता, म्हणून पावसाचा अंदाज बघायला त्यांनी नवऱ्याचा उचलला. ढगाच्या चित्राखाली हळदी पट्टी होती. हल्ली विसरायला होतंय? घाबरू नका.

पहिल्यांदा त्यांना बरंच वाटलं. रंग छोट्या पडद्यावर छान उठून दिसत होता. मग हातातला मोबाइल कोणाचा आहे ते त्यांच्या ध्यानात आलं.

ही जाहिरात कोणालाही उगाच दिसत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? मशीनला दयामाया नसते, पण अशा बाबतीत ते सहसा चुकत नाही. या मोबाइलवर कोणीतरी ते पान उघडलं होतं आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं होतं. बाईंनी स्वतः हा मोबाइल कित्येक दिवसांत हातात धरला नव्हता. तो वापरणारी माणसं दोन. एक त्यांचा नवरा, आणि दुसऱ्या सासूबाई, ज्या रात्री जेवणं झाल्यावर त्यावर पत्त्यांचा खेळ खेळत बसत.

नवऱ्याला सगळे मिस्त्री म्हणत. लिफ्ट दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. लिफ्टच्या टपावर उभं राहून काम करायचं, आणि त्याआधी मेन स्विच पाडायचा, म्हणजे खाली कोणी बटण दाबलं तरी लिफ्ट हलत नाही. एवढा एकच नियम, पण तो एक दिवस विसरला की संपलं. ते नुसतं मनात आलं आणि पावसाचा अंदाज बघायचा राहूनच गेला. कपडे दोरीवरच राहिले आणि संध्याकाळी चिंब भिजले.

सरळ विचारायला काय झालं होतं? पण विचारलं की ते खरं होणार होतं. मग बाईंनी आधी सासूबाईंची परीक्षा घ्यायची ठरवली. आपण या घरात राहायला आलो तेव्हा खालच्या मजल्यावर कोण राहायचं हो, असं सहज म्हणून विचारलं. सासूबाईंनी भाडेकरू, त्यांच्या सुना, सुनांची भांडणं आणि कोणी कोणाची बादली अजून परत केलेली नाही इथपर्यंत सगळं सांगितलं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात बाईंनी करपवलेलं दूधही त्यांना अजून आठवत होतं, आणि ते त्या विसरतील अशी आशा बाईंनी कधीच सोडली होती.

म्हणजे मिस्त्रीच. एकदा मनानं घेतल्यावर खुणा पावलोपावली दिसू लागल्या. बाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या की मिस्त्री काहीतरी निमित्त काढून आत जायचे आणि गॅसचं बटण चाचपून यायचे. दाराजवळ त्यांनी खिळा ठोकला, किल्लीला लाल दोरा बांधून ती त्यावर टांगली आणि "किल्ली इथंच बरं का," असं स्वतःलाच बजावल्यासारखं पुन्हा पुन्हा म्हणाले. सगळ्यात वाईट म्हणजे संध्याकाळी ते बाईंच्या ऑफिसखाली येऊन उभे राहू लागले. लग्न झाल्यापासून या माणसानं बायकोला घ्यायला कधी गल्लीच्या तोंडापर्यंत पाय उचलला नव्हता. आता एकट्यानं घरी जायची त्यांना धास्ती वाटत असणार, रस्ता चुकेल अशी, हे बाईंनी ओळखलं आणि त्यांना भडभडून आलं. रस्ता ओलांडताना त्यांनी मिस्त्रींचं कोपर घट्ट धरलं. मिस्त्रींनीही त्यांचं धरलं होतं.

रोज सकाळी मिस्त्री हत्यारांची पिशवी घेऊन निघाले की बाईंच्या जिवाला घोर लागायचा. मेन स्विच पाडाल ना, हे शब्द ओठांवर यायचे आणि त्या ते गिळायच्या. ऑफिसात फोन वाजला की मिस्त्रींच्या मालकाचा असेल, अमुक इमारतीत या म्हणून सांगत असेल, असं वाटून त्या दुसऱ्या कोणाला तरी तो उचलायला लावायच्या.

अशात एका सकाळी कुलूपवाला स्वतःच ऑफिसात आला. हे जुनं गिऱ्हाईक. कुलपं उघडून द्यायची, किल्ल्या बनवून द्यायच्या, हा त्याचा धंदा. दोन आठवडे त्याच्याकडे चिटपाखरू फिरकलं नव्हतं. फोन बंद पडलाय की काय म्हणून मीच मला दुसऱ्या फोनवरून फोन करून बघतोय, असं त्यानं सांगितलं. साहेबांनी त्याचं खातं उघडलं. जाहिरात चालू होती, पण कोणाला दिसतच नव्हती. साहेबांनी गाळणी उघडली. पासवर्ड, पिन, किल्ली, वाढदिवस. अगदी त्याच क्रमानं.

"म्हणजे किल्लीवाल्याच्या दुकानात किल्लीलाच बंदी?" कुलूपवाला म्हणाला. तो हसत होता, पण हसू काही खरं नव्हतं.

दवाखान्याची गाळणी बाईंनी कुलूपवाल्याला लावली होती. साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कुलूपवाल्याला चहा पाजून वाटेला लावलं आणि मग फार मऊ आवाजात बाईंना सांगितलं, की दमलायत तुम्ही, दोन दिवस घरी आराम करा. हा मऊ आवाज ते आजारी माणसाशी बोलताना वापरत. बाईंनी मनाची समजूत घातली, की नवऱ्याच्या काळजीनं डोकं ठिकाणावर नाही, दुसरं काय? जिना उतरता उतरता त्यांच्या लक्षात आलं, की गाळणी लावली तेव्हा काळजी सुरूच झाली नव्हती. तो विचार त्यांनी झटकून टाकला. त्या दिवशी त्या घरी लवकर पोचल्या, आणि मिस्त्री येईपर्यंत दाराकडे बघत बसून राहिल्या.

मिस्त्री आले, चहा प्याले आणि टेबलफॅन उघडून बसले. सासूबाई पलंगावर खरे पत्ते मांडून बसल्या होत्या. आता नाही तर कधीच नाही, असं म्हणून बाईंनी मनाचा हिय्या केला.

"अहो, मला कळलंय सगळं," त्या म्हणाल्या. "तुमच्या मोबाइलवर ती जाहिरात येते. ती कोणाला दिसते ते मला माहितीय, मीच लावलीय ती. उद्यापासून लिफ्टवर चढायचं नाही. आपण दाखवून घेऊ. मी आहे ना."

मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"मी वाचलं ते पान," ते म्हणाले. "पण माझ्यासाठी नाही."

बाईंनी सासूबाईंकडे पाहिलं. पत्ते पिसणारे हात थांबले होते.

"माझ्याकडे नको बघूस गं," सासूबाई हळूच म्हणाल्या.

खोलीत तिघंच होती.

"खालच्या शिंपीणबाईंनी तुला वर आणून सोडलं," मिस्त्री म्हणाले. "त्यांच्या दाराला आपली किल्ली लावत होतीस. उघडत नाही म्हणून चिडली होतीस."

"ते होय?" बाईंनी हसायचा प्रयत्न केला. "एक मजला कमी चढले, त्यात काय एवढं? आपण हसलो होतो की सगळे."

"हसलो होतो. ते पहिल्यांदा."

बाई दुसऱ्यांदाचं आठवू लागल्या. जिना आठवला, शिंपीणबाईंचं दार आठवलं, त्यांच्या शिवणयंत्राचा आवाजही आठवला. पण तो सगळा पहिल्यांदाचाच होता. दुसऱ्यांदाच्या जागी काहीच नव्हतं. आठवणीत भोक पडलंय हे आतून कळतच नाही, ते दुसऱ्यानं सांगावं लागतं, हे त्या 'पहिली लक्षणं' या पानावर त्यांनी स्वतः वाचलं होतं. तेव्हा त्यांना ते वाक्य लांब वाटलं होतं आणि त्यांनी ते छोटं करायला सुचवलं होतं. आता गॅसचं बटण, खिळ्यावरची किल्ली, ऑफिसखाली उभं राहणारा नवरा, सगळं त्यांच्याभोवती उलटं फिरलं. इतकी भीती त्यांना उभ्या आयुष्यात कधी वाटली नव्हती. नवऱ्याला काही होईल ही भीती निदान धरून बसता येण्यासारखी होती. हिला धरायला हातच पुरेनात.

"मला का नाही सांगितलंत?"

"रोज ठरवायचो," मिस्त्री म्हणाले. "आणि रोज मोबाइल उघडला की तेच समोर. लिफ्टच्या खड्ड्यात बसून डबा खाताना पण तेच. 'एकदा दाखवून घ्या' असं तुझ्याशिवाय कोण म्हणतं गं? वाटायचं, तूच मला विचारतेयस, कधी सांगणार म्हणून. मग आणखीनच धीर व्हायचा नाही."

सासूबाई पलंगावरून उतरल्या, गुडघे धरत आल्या आणि सुनेच्या शेजारी जमिनीवर बसल्या.

"मला तरी हल्ली कुठं आठवतंय काही," त्या म्हणाल्या. "ते दुधाचं मी आपलं उगाच बोलते. करपलं होतं की नव्हतं, कोण जाणे."

म्हातारी धडधडीत खोटं बोलत होती. सासूच्या मायेवर इतकी वर्षं बाईंचा विश्वास नव्हता, पण त्या संध्याकाळी बसला.

दोन दिवसांची सुट्टी बाईंनी घेतली नाही. दुसऱ्या दिवशी त्या ऑफिसात गेल्या आणि साहेबांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. साहेबांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. मागे लागणारी जाहिरात उत्तम चालली होती. दवाखान्याचे फोन वाढले होते, डॉक्टर खूश होते. आकड्यांकडे बघितलं तर साहेबांचं बरोबर होतं, आणि बाईंनी ते कबूलही केलं. पण एक माणूस कितीतरी दुपारी लिफ्टच्या खड्ड्यात एकटा बसून घाबरत होता, ते कुठल्या आकड्यात येणार? त्यांनी जाहिरात बंद करा म्हटलं नाही. एका माणसाला ती चार-पाच वेळा दिसावी आणि मग तिनं त्याचा नाद सोडावा, एवढी मर्यादा घाला म्हणाल्या. उरलेला पैसा शब्दांवर, नीट गाळून. आणि गाळणी मी लावीन, पण माझ्यानंतर कोणीतरी एकदा तपासायची, असं त्यांनी मान ताठ ठेवून सांगितलं. हे शेवटचं वाक्य त्यांनी घरून निघताना तीनदा म्हणून पाहिलं होतं.

सावकाश होऊ दे बाई, काही घाई नाही, असं साहेब म्हणाले तेव्हा पलीकडच्या टेबलावरच्यांनीसुद्धा वळून बघितलं.

त्याच आठवड्यात बाई आणि मिस्त्री दवाखान्यात गेले. मिस्त्रींनी लग्नकार्याला घालायचा शर्ट चढवला होता. काउंटरवरची मुलगी बाईंना ओळखत होती. जाहिरातीच्या कामानं त्या इथं अधूनमधून येत.

"ताई, सर पेशंट बघतायत," ती हसून म्हणाली. "तुम्ही जरा दुपारनंतर आलात तर निवांत बोलता येईल."

मिस्त्री पुढं सरकून काहीतरी बोलणार होते. बाईंनी त्यांच्या दंडावर हात ठेवला.

"आज काम नाही गं," त्या म्हणाल्या. "नंबर लावायचाय."

मुलीनं पेन उचललं आणि मिस्त्रींकडे पाहिलं. "काकांचा का?"

"माझा."

मुलीचं हसू तिथल्या तिथं विरलं. तिनं मान खाली घातली आणि केसपेपर भरायला घेतला. वय, पत्ता, साखर, रक्तदाब, झोप. बाई सगळं नीट सांगत गेल्या. पत्ता सांगताना त्या क्षणभर थांबल्या, मजला कितवा ते मनाशी पक्कं केलं आणि मग सांगितलं. कागदाच्या तळाला एक प्रश्न होता, तो न विचारताच मुलीनं कागद घडी घालून बाजूला सारला. हा प्रश्न छापायला बाईंनीच लावलं होतं. कुठली जाहिरात माणसं आणते आणि कुठली नुसती पैसे खाते, हे त्याशिवाय कळत नाही.

"शेवटचा प्रश्न राहिला," बाई म्हणाल्या.

"राहू दे ना, ताई."

"विचार. सगळ्यांना विचारायचा म्हणून सांगितलंय ना मी?"

मुलीनं कागद पुन्हा उलगडला. "आमच्या दवाखान्याबद्दल तुम्हाला कुठून कळलं?" तिनं कागदावर बघतच विचारलं. खाली चौकोन होते: इंटरनेटवरची जाहिरात, वर्तमानपत्र, दुसरे डॉक्टर, घरची किंवा ओळखीची माणसं.

खरं उत्तर पहिल्या चौकोनात होतं. एवढी वर्षं बाईंनी लोकांना तेच उत्तर द्यायला लावण्याचं काम केलं होतं. मिस्त्री शर्टाच्या बाहीचं बटण उगाचच लावत होते, काढत होते.

"घरच्या माणसानं सांगितलं," बाई म्हणाल्या.

मुलीनं शेवटच्या चौकोनात खूण केली. बाई भिंतीशी मांडलेल्या खुर्च्यांकडे गेल्या, नवऱ्याला आधी बसवलं आणि त्यांच्या बाहीचं बटण लावून देऊन आपला नंबर पुकारायची वाट बघत बसल्या.